शिट्टी कोणाच्या हातात?

वाचकांचे प्रश्न

मागील अंकात मुलांनी छोटी कामे करून पैसे मिळवण्याच्या 'खरी कमाई' उपक्रमाविषयीचे उत्तर प्रसिद्ध झाल्यावर स्काऊट-गाईड पथके चालवणाऱ्या, किंवा चालवू पाहणाऱ्या, वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील चार येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे गाळली आहेत. उत्तरे देणाऱ्याने कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत सव्वीस वर्षे पथक चालवले आहे आणि त्यातील पहिली काही वर्षे चुकीच्या पद्धतीने चालवली आहेत, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

प्रश्न : मी शिवाजी पेठेतील एका शाळेत विज्ञान शिकवतो. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मुख्याध्यापकांनी वेळापत्रकाबरोबर स्काऊट पथकही माझ्या हाती ठेवले. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी पथकप्रमुखांच्या प्रशिक्षणाचा सात दिवसांचा बेसिक कोर्स पूर्ण केला. तिथे फार उत्साह वाटला. परंतु शाळेत परतल्यावर बत्तीस मुलांपुढे शिट्टी वाजवून वाजवून मी थकून जातो. मुले आज गाठ शिकतात आणि पुढच्या शनिवारी विसरतात. लगेच ॲडव्हान्स कोर्स केला तर उपयोग होईल का?

उत्तर : ॲडव्हान्स कोर्स अवश्य करा, पण या वर्षी नको. बेसिक, ॲडव्हान्स आणि हिमालय वूड बॅज हे पथकप्रमुखांच्या प्रशिक्षणाचे टप्पे आहेत, एकामागोमाग उरकायच्या परीक्षा नव्हेत. दोन टप्प्यांच्या मध्ये प्रत्यक्ष पथक चालवण्याचा काळ धरलेला असतो आणि कोर्समध्ये मिळालेले मुलांच्या हाती उतरते की नाही, हे त्या काळातच कळते. तुमच्याकडे ते अजून उतरलेले नाही, हे तुम्ही प्रांजळपणे लिहिले आहे. अशा वेळी पुढचा कोर्स केल्यास तुमच्या वहीत आणखी काही गाठींची भर पडेल आणि शिट्टी मात्र तेवढीच वाजवावी लागेल.

बेसिक कोर्सच्या पहिल्या संध्याकाळी काय झाले ते आठवून पाहा. तुम्हां शिक्षकांचे संघ, म्हणजे छोटे गट, पाडले गेले, तुमच्यातलाच कोणीतरी संघनायक झाला, आणि पुढचे सात दिवस पाणी कोणी भरायचे, चूल कोणी पेटवायची, सकाळच्या तपासणीसाठी संघकोपरा कोणी सावरायचा, हे शिबिरप्रमुखांनी ठरवले नाही. तुमच्या संघात ठरले. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आठवडाभर मुलांसारखे राहायला लावण्यामागे हाच हेतू असतो. आपल्यापैकी बहुतेक जण परतताना गाठींची चित्रे, गाणी आणि खेळ वहीत उतरवून आणतात, पण संघ मात्र त्या शिबिराच्या मैदानावरच विसरून येतात. मग शाळेत बत्तीस मुले एका ओळीत उभी राहतात आणि समोर एकच शिट्टी उरते.

ही चळवळ सुरू झाली तीच संघापासून. ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राऊनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांचे प्रायोगिक शिबिर घेतले, तेव्हा त्यांनी मुलांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघाची जबाबदारी त्यातल्याच एका मोठ्या मुलावर टाकली. पण कोल्हापूरकराला हे समजण्यासाठी इंग्लंडपर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्या कोणत्याही पेठेतल्या तालमीत पहाटे डोकावून पाहा. नव्याने आलेल्या पोराकडून जोर करून घेतो तो त्याच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा पठ्ठ्या. वस्ताद हौद्याच्या कडेला बसलेले असतात, मधूनच एखादा शब्द टाकतात, आणि कोणाचे काय चुकते आहे हे त्यांना सगळे दिसत असते. वस्तादच दिवसभर हौद्यात उतरून प्रत्येकाशी धरू लागले, तर तालमीत एकच पैलवान तयार होईल, आणि तो म्हणजे स्वतः वस्ताद.

तेव्हा बत्तीस मुलांचे आठ-आठांचे चार संघ करा. संघनायक निवडताना वर्गातला मॉनिटर आपोआप उचलू नका. आज्ञाधारक मुलगा आणि ज्याच्यामागे इतर मुले आपणहून जातात तो मुलगा, हे बहुधा दोन वेगळे असतात. संघातील मुलांशी बोलून नेमणूक करा आणि एकदा केली की निदान सहा महिने बदलू नका. त्यानंतर आठवड्यातून एकदा, शुक्रवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास, फक्त चार संघनायक आणि चार सहायक संघनायक यांना घेऊन बसा. शनिवारच्या तासिकेत जे शिकवायचे ते या आठ जणांना शुक्रवारी पक्के येऊ द्या, आणि शनिवारी तुम्ही तोंड न उघडता त्यांनीच आपापल्या संघाला शिकवावे. पहिले पाच-सहा आठवडे हे फार वाईट दिसेल. एक संघनायक ओरडेल, दुसरा स्वतःच सगळ्यांच्या गाठी मारून देईल, तिसऱ्याच्या संघात नुसत्या गप्पा चालतील. त्या वेळी शिट्टीकडे जाणारा हात आवरणे हेच तुमच्या प्रशिक्षणाचे खरे प्रात्यक्षिक आहे, आणि ते कोणत्याही कोर्समध्ये घेता येत नाही.

गाठी विसरण्याचे दुसरे कारण असे की त्या गाठींनी मुले काहीच बांधत नाहीत. रीफ नॉट ही गाठ समान जाडीच्या दोन टोकांसाठी आणि शीट बेंड कमी-जास्त जाडीच्या दोरांसाठी, हे वाक्य फळ्यावर राहिले तर ते रविवारपर्यंतही टिकत नाही. त्याऐवजी एका संघाला सुतळी आणि नायलॉनचा जाड दोर देऊन सांगा की या दोन्ही जोडून वडाच्या फांदीवरून पाण्याचा डबा वर घ्या. रीफ नॉट सटकेल, डबा आपटेल, मुले भिजतील आणि शीट बेंड त्यांना जन्मभर लक्षात राहील.

माझी स्वतःची चूक सांगतो. पन्हाळ्याच्या वाटेवर आमचे मुक्कामाचे शिबिर होते आणि तंबू उभारण्याच्या वेळीच मसाईच्या पठाराकडून ढग खाली उतरू लागले. एका संघाचा तंबू वाऱ्याने फुगत होता, संघनायक लाकडी मोगर हातात घेऊन खुंटी कोणत्या कोनात ठोकावी याचा विचार करत होता, आणि मला ते पाहवेना. मी त्याच्या हातून मोगर घेतला, खुंट्या ठोकल्या, तणावे ओढले आणि दहा मिनिटांत तंबू उभा केला. पाऊस आला, सगळे कोरडे राहिले आणि मी स्वतःवर खूश झालो. पुढच्या वर्षीच्या शिबिरात त्याच मुलाने मोगर आणून सरळ माझ्या हातात दिला आणि तो बाजूला जाऊन उभा राहिला. त्याने उद्धटपणा केला नव्हता. हे काम सरांचे असते, असे मीच त्याला शिकवले होते.

याचा अर्थ प्रौढाने सगळेच सोडून द्यावे असा नाही. पाणी, आग, धारदार हत्यारे, रस्ता ओलांडणे आणि एकमेकांना होणारा त्रास या बाबतींत अंतिम शब्द तुमचाच राहिला पाहिजे, आणि तसे संघनायकांना आधीच सांगितलेले असावे. बाकी पदभ्रमणाला कुठे जायचे, खरी कमाईच्या पैशांतून दोर घ्यायचा की भांडी, कोणत्या संघाने शेकोटीला काय सादर करायचे, हे संघनायकांच्या बैठकीत, म्हणजे कोर्ट ऑफ ऑनरमध्ये, ठरू द्या. त्यांनी भांडी घेतली आणि तुम्हाला दोर हवा होता, तरी भांडीच घ्या. मार्चपर्यंत हे करून पाहा आणि एखाद्या शनिवारी मुद्दाम दहा मिनिटे उशिरा मैदानावर जा. त्या दहा मिनिटांत पथकाचे काम सुरू झालेले दिसले, तर पुढच्या सुटीत ॲडव्हान्ससाठी नाव नोंदवा.

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पर्यवेक्षक आहे. २०१९ च्या महापुरात गल्लीतल्या तरुणांबरोबर मदतकार्यात होतो. तेव्हापासून असे काहीतरी नियमित करावे, ही इच्छा आहे. माझा मुलगा सातवीत असून स्काऊटमध्ये आहे. परंतु मी शिक्षक नाही. मला या कामात जागा आहे का?

उत्तर : आहे, आणि ती बहुतेक रिकामीच असते. महाराष्ट्रात पथके मुख्यतः शाळांशी जोडलेली असल्यामुळे स्काऊट मास्टर, म्हणजे पथकप्रमुख, हा शिक्षकच असतो असे आपण धरून चालतो. मूळ कल्पना मात्र स्वेच्छेने वेळ देणाऱ्या नागरिकांची होती. श्रीराम बाजपेयी यांनी १९१३ मध्ये शाहजहानपूरला मुलांचे पथक उभे केले, ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये भारतीय मुलांसाठी स्काऊट संस्था काढली आणि १९१८ मध्ये अलाहाबादेत पंडित मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांच्या पुढाकाराने सेवा समितीची स्काऊट संघटना स्थापन झाली. या साऱ्यांमागे सरकारी वेळापत्रक नव्हते. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी या विविध संस्था एकत्र येऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था झाली आणि पुढच्या वर्षी गाईड विभागही तीत सामील झाला. शाळेबाहेरची खुली पथके आजही नोंदवता येतात.

तरीही मी तुम्हाला एकदम नवे पथक काढण्याचा सल्ला देणार नाही. आधी मुलाच्या शाळेतल्या स्काऊट मास्टरांना भेटा, मुख्याध्यापकांची लेखी संमती घ्या आणि जिल्हा संस्थेच्या कार्यालयात जिल्हा संघटकांकडे मदतनीस म्हणून आपले नाव रीतसर कळवा. ही कागदी कामे कंटाळवाणी वाटतील, पण मुलांमध्ये वावरणारा प्रत्येक प्रौढ कोणाच्या तरी माहितीत आणि नोंदीत असलाच पाहिजे; ओळखीवर आत येण्याची पद्धत चांगल्या माणसालाही नको असावी. एक वर्ष मदतनीस म्हणून काढल्यावर बेसिक कोर्सला जा. तो सात दिवसांचा निवासी असतो, तेव्हा रजेचा हिशेब आतापासूनच करून ठेवा. ही सेवा मानद आहे, हे तुम्ही गृहीत धरले असेलच.

शिक्षकाकडे नसलेले पुष्कळ काही तुमच्याकडे आहे. फौंड्रीतल्या माणसाला भाजणे म्हणजे काय, हे पुस्तकातून वाचावे लागत नाही. प्रथमोपचाराच्या तासाला तुम्ही मुलांना नळाखाली हात धरायला लावा आणि घड्याळ लावून वीस मिनिटे मोजा. वीस मिनिटे किती लांब असतात हे कळले की कोलगेट, शाई, हळद यांतले काही लावण्याऐवजी वाहते पाणीच का, हे मुलांना समजावून सांगावे लागत नाही. मुलांना फौंड्रीत न्यायचा मोह मात्र टाळा. वितळलेल्या धातूजवळ शाळकरी मुलांचे काम नाही. प्रावीण्य पदकांसाठीही त्या त्या विषयातल्या जाणकाराची मदत लागते. हत्यारांची निगा, मापन, साधी दुरुस्ती या गोष्टी तुमच्याइतक्या नेमकेपणाने कोण सांगणार?

पुराचा अनुभवही वाया जाऊ देऊ नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेली की धोका पातळी, हे आकडे कोल्हापुरातल्या लहान मुलांनाही तोंडपाठ असतात, पण त्यांचा अर्थ फारच थोड्यांना कळतो. जुलै आणि ऑगस्टमध्ये प्रशासन रोज जाहीर करते ती पातळी एका संघाने तक्त्यावर मांडावी, दुसऱ्याने पातळी कितीवर गेल्यास आपल्या पेठेतली कोणती गल्ली पाण्याखाली जाते हे वयस्कर रहिवाशांना विचारून नकाशावर दाखवावे. बंधाऱ्यावर किंवा पाण्याच्या कडेला मुलांना नेऊ नये. पुराच्या दिवसांत शाळकरी स्काऊटांचे काम निवारा केंद्रात, म्हणजे नोंदवही, पिण्याचे पाणी आणि लहान मुलांना खेळात गुंतवणे एवढेच. बोटीत आणि दोरावर प्रौढांनीच जावे.

प्रश्न : मी गाईड कॅप्टन, म्हणजे मुलींच्या पथकाची प्रमुख, आहे. मुलींना पन्हाळ्यावर एका रात्रीच्या मुक्कामाला नेण्याची माझी इच्छा आहे. पालक कचरतात आणि शाळेतील सहकारी म्हणतात, 'स्काऊट मास्तरांना सोबत घ्या, म्हणजे प्रश्न मिटला.' आमच्याकडे मी एकटीच प्रशिक्षित आहे. काय करावे?

उत्तर : प्रश्न तसा मिटत नाही, उलट एक नवा निर्माण होतो. मुलींच्या मुक्कामाला किमान दोन प्रौढ स्त्रिया हव्यात. त्यातली एक तुम्ही. दुसरी प्रशिक्षित नसली तरी चालेल, परंतु शाळेच्या आणि जिल्हा संस्थेच्या माहितीतली असावी. एखादी शिक्षिका किंवा जबाबदार माता मिळेपर्यंत मुक्काम पुढे ढकला. एकट्या प्रौढाने मुक्कामी जाऊ नये हा नियम अविश्वासातून आलेला नाही. रात्री दोन वाजता एखाद्या मुलीला ताप चढला आणि तिला घेऊन तुम्हाला खाली कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात यावे लागले, तर उरलेल्या एकोणीस मुलींजवळ कोण थांबणार, एवढा एकच प्रश्न त्या सहकाऱ्यांना विचारा.

पालकांच्या कचरण्याला भाषणाने उत्तर देऊ नका, कागदाने द्या. मुक्कामाची जागा, जाण्या-येण्याच्या गाडीची माहिती, सोबतच्या प्रौढांची नावे, मुलीला कोणती औषधे चालू आहेत आणि कशाची ॲलर्जी आहे याचा रकाना, आणि खाली पालकांची सही, असा एक पानाचा नमुना करा. त्याहून चांगले म्हणजे दोन-तीन मातांना आदल्या रविवारी जागा दाखवायला न्या. त्या माता आधी गडावरचा अंबरखाना आणि तीन दरवाजा पाहणार नाहीत. त्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी आतून लागते का, रात्री तिथे दिवा असतो का आणि पाणी किती वाजता जाते, हे पाहतील. ज्या गोष्टी आपण कार्यक्रमपत्रिकेत लिहीत नाही, त्याच मुलींच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या असतात. सॅनिटरी पॅडची पिशवी प्रथमोपचार पेटीबरोबर ठेवा आणि ती कुठे आहे हे सर्व मुलींना पहिल्या तासातच सांगा, म्हणजे कोणाला चारचौघांत विचारावे लागणार नाही. मुक्काम पावसाळा संपल्यावर, शक्यतो नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ठेवा. आषाढातले पन्हाळ्याचे धुके कवितेला चांगले, वीस मुलींची मोजदाद करायला फार वाईट.

झोपण्याची व्यवस्था प्रौढांची वेगळी आणि मुलींची वेगळी असावी, पण हाकेच्या अंतरावर. एकाच मुलीशी बंद दाराआड बोलण्याची वेळ आली, तर दार उघडे ठेवा किंवा दुसऱ्या बाईंच्या नजरेच्या टप्प्यात बसा. वैयक्तिक मोबाइलवर एकेका मुलीला संदेश पाठवण्याऐवजी पालकांच्या गटावर सूचना द्या. आणि एक गोष्ट प्रत्येक पथकप्रमुखाला माहीत असलीच पाहिजे : मुलीने अथवा मुलाने लैंगिक छळाविषयी काही सांगितले, किंवा तसा संशय घेण्यास जागा असली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा कलम २१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. 'आधी आपल्या पातळीवर चौकशी करू', 'संस्थेचे नाव जाईल' या सबबी कायद्यापुढे टिकत नाहीत. त्या वेळी मुलीला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारू नका, तिचे शब्द तिच्याच भाषेत लिहून ठेवा. मार्गदर्शनासाठी १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे. हा विषय बेसिक कोर्समध्ये कधीकधी घाईत उरकला जातो असा माझा अनुभव आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिले.

त्या सहकाऱ्यांना दुखवायचे नसेल, तर परतीच्या दिवशी त्यांना गड दाखवायला अवश्य बोलवा. इतिहास ते उत्तम सांगतात, असे तुम्हीच लिहिले आहे.

प्रश्न : जिल्हा मेळाव्यात एका पाहुण्यांच्या गळ्यात चार लाकडी मणी होते. आमच्या सरांच्या गळ्यात दोनच आहेत. ज्यांच्याकडे जास्त मणी, ते आमच्या सरांचे साहेब का? आणि ते मणी खरे असतात का? (एक संघनायक, इयत्ता नववी)

उत्तर : साहेब वगैरे कोणी नाही. दोन मणी म्हणजे तुझ्या सरांनी हिमालय वूड बॅज पूर्ण केला आहे. तीन मणी सहायक लीडर ट्रेनरचे आणि चार मणी लीडर ट्रेनरचे असतात, म्हणजे ते पाहुणे तुझ्या सरांसारख्या प्रौढांचे कोर्स घेतात. मेळाव्यात त्यांना आदराने सॅल्यूट कर, पण तुमच्या पथकात काय करायचे ते सरांनाच विचार.

आता मण्यांची गोष्ट. लंडनजवळच्या गिलवेल पार्क येथे सप्टेंबर १९१९ मध्ये स्काऊट मास्टरांचा पहिला कोर्स झाला. त्या प्रौढांनाही संघ करून तंबूत राहावे लागले होते. कोर्स पूर्ण करणाऱ्यांना काय द्यावे असा प्रश्न आला, तेव्हा बेडन-पॉवेल यांनी आफ्रिकेतून आणलेली, झुलू राजा दिनिझुलू याची म्हणून सांगितली जाणारी लाकडी मण्यांची माळ काढली आणि तिच्यातले मणी चामड्याच्या वादीत ओवून दिले. कोर्स वाढत गेले, मूळ मणी पुरेनात, म्हणून पुढे तसेच मणी लाकडाचे घडवून घेऊ लागले. तुझ्या सरांच्या गळ्यातले दोन्ही त्या घडवलेल्यांपैकी आहेत. वादीची गाठ कोणती आहे ते त्यांना शनिवारी विचार आणि तुझ्या संघाला मारून दाखव.